पन्नीर सोडा आणि आमचे घरमालक

आरंभीच वाचकांची क्षमा मागतो. ज्याने उभ्या नोकरीत यंत्रांच्या तपासणीच्या अहवालांखेरीज काही लिहिले नाही, आणि तेही वरिष्ठांनी दुरुस्त केल्याशिवाय पुढे गेले नाही, अशा माणसाने उतारवयात लेखणी उचलून एखाद्याचे चित्र रेखाटायला बसावे, हा आगाऊपणाच आहे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्यासमोर मी स्वतः फारसे कधी बोललो नाही. ते बोलत आणि मी मान हलवीत असे. तरीही एक विधान मी धीर करून करतो. मराठी भाषेवर बंगळूरच्या आमच्या घरमालकांनी जेवढे प्रेम केले, तेवढे दुसऱ्या कोणी केलेले मी पाहिले नाही. आणि त्या प्रेमाचा बहुतेक भाग, दुसरे कोणी ऐकणारे नसल्यामुळे, सोड्याच्या बाटल्यांच्या वाट्याला गेला.

सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणे. बंगळूरच्या जुन्या बाजारातल्या बळेपेटेच्या मागच्या अंगाला त्यांचे सोड्याचे दुकान होते. दुकानामागे सोडा भरण्याची खोली, तिच्यामागे त्यांचे राहते घर आणि भिंतीला भिंत लावून आमच्या दोन खोल्या. गोळीच्या बाटल्या आजच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसतील. जाड, हिरवट काचेची बाटली, गळ्यात काचेचीच गोळी. आतल्या वायूच्या जोराने ती गोळी तोंडाशी घट्ट बसलेली असे. अंगठ्याने ती आत दाबली की बाटली प्रथम किंचाळे, मग निःश्वास सोडी. अण्णांच्या मते माणसाची पारख करण्यास याहून चांगली जागा नव्हती. गोळी दाबण्यासाठी लाकडी दट्ट्या मागणारा माणूस त्यांच्या दृष्टीने शिकलेला पण भित्रा. आवाज लांबवणारा, मिरवणारा. आणि आवाज न होऊ देणारा, काहीतरी लपवणारा.

एकोणीसशे पन्नासच्या पुढेमागे सरकारी कारखान्यात नोकरी लागून मी नव्यानेच तिकडे गेलो होतो, तेव्हा जागा मागायला त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी नावगाव काही विचारले नाही. एक बाटली हातात दिली. मी अंगठा लावला, गोळी आत गेली, आणि निम्मा सोडा माझ्या मुलाखतीसाठी शिवलेल्या सदऱ्यावर आला. उरलेला प्यायला गेलो तर गोळी घरंगळत येऊन पुन्हा तोंडाशी बसली. बाटलीच्या गळ्याला असलेली खाच खालच्या बाजूला धरायची असते, म्हणजे गोळी तिच्यात अडकून राहते, हे मला कोणी शिकवले नव्हते. मी रिकामी न होणारी बाटली घेऊन ओशाळून उभा राहिलो. अण्णा आत वळून किल्ली घेऊन आले.

“सरी. जागा तुम्हालाच, रायरे,” ते म्हणाले. इकडे सभ्य गृहस्थाला आदराने ‘रायरे’ म्हणतात हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते. “सकाळी एक जण आला होता. टुक्क करून उघडला, एक थेंब सांडला नाही. तसल्याला सगळं येतं की. तो भाड्यानं राहत नाही. चार वर्षांत मालक होतो. तुम्ही निवांत राहता.”

त्यांच्या मराठीने मी चकित झालो. त्यांचे पूर्वज कधीतरी फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि तिथेच राहिले. तीनएकशे वर्षांत घराण्याची जमीन गेली, घोडे गेले, आणि भाषा राहिली ती कानडीच्या शेजारात जशी राहावी तशी. ‘मी केले’ असे ते कधी म्हणत नसत. ‘मी केलो’, ‘मी सांगितलो’, ‘मी दिलो’. ठीक म्हणजे ‘सरी’, थोडे म्हणजे ‘स्वल्प’, पुरे म्हणजे ‘साकु’, ‘बघा’ म्हणजे ‘नोडी’. पत्नी परलोकवासी झालेली. मुले मोठी होऊन शहराच्या दुसऱ्या टोकांना संसार थाटून बसलेली, आणि त्यांच्याशी मराठीत बोलले तर ती उत्तर कानडीत देत. तेव्हा रोज पहाटे बाटल्या धुताना अण्णा बाटल्यांशी मराठी बोलत. भिंतीपलीकडून आम्हांला सारे ऐकू येई. “उलटी हो गं बाई, लाजतीस काय?” “तू कालची की परवाची? तोंड धुतलीस का?” सोडा भरताना एखादी बाटली फुटली तर आधी मोठा आवाज होई आणि मग अण्णांचा दुखावलेला स्वर, “मी काय केलो म्हणून एवढा राग?” या फुटणाऱ्या बाटल्यांपासून बचाव म्हणून ते गोणपाटाचा अंगरखा आणि तारेच्या जाळीचा मुखवटा घालीत. आमची सौभाग्यवती नव्यानेच सासरी, म्हणजे बंगळुरास, आली होती. त्या वेषातल्या अण्णांना पहाटे अंगणात पाहून ती किंचाळली, तेव्हा ते मुखवट्याआडून अतिशय मृदू आवाजात म्हणाले, “भिऊ नका, ताई. लढाईला चाललो नाही. आलं-सोडा भरतो.”

त्या दिवसापासून ती त्यांची ‘ताई’ झाली. तिचे माहेर पुण्याचे आणि उच्चार स्वच्छ, म्हणून अण्णा तिला भाषेचे न्यायालय समजू लागले. संध्याकाळी दुकान आवरून ते ओट्यावर टेकत आणि विचारीत, “ताई, ‘मी सोडा दिलो’, ही बरोबर की?” ती संकोचून म्हणे, “आम्ही ‘मी सोडा दिला’ म्हणतो, अण्णा.” अण्णा बराच वेळ विचार करीत. “दिला? देणारा मी आणि मान सोड्याला?” त्यांना ते अन्यायाचे वाटे, पण दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे बाटल्यांना ‘दिला, दिला’ असे घोकून सांगणे चालू असे. त्यांना या वयात एकच हौस उरली होती. ‘तिकडून’ आलेल्या मराठी माणसांनी एकदा आपले बोलणे ऐकावे आणि हे आपल्यातलेच आहे असे म्हणावे. याखेरीज त्यांनी कोणाकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही.

बाकी त्यांच्या लहरींना अंत नव्हता. डोळ्यांवर इतका जाड चष्मा की गल्लीतली पोरे त्यांना ‘सोडाबुड्डी’ म्हणत. तिकडे सोड्याच्या बाटलीला आणि तिच्या बुडासारख्या भिंगांनाही हाच शब्द आहे. अण्णा मागे वळून सांगत, “हळू का म्हणता? दुकानाची जाहिरात आहे, ओरडून म्हणा!” मनुष्यजातीची वर्गवारी ते पेयांवरून करीत. गर्विष्ठाला आल्याचा सोडा, अपचनाला आणि कर्जबाजाऱ्याला लिंबू-मीठ, आणि ज्याच्याशी काय बोलावे सुचत नाही त्याला साधा. मला कायम साधा मिळे. आमच्या कारखान्यातल्या एका साहेबांना मी हौसेने दुकानात नेले, तर त्यांना न विचारता आल्याचा सोडा पुढे आला, आणि मला कुठे पाहावे कळेना. बर्फाचे नाव त्यांना खपत नसे. “बंगळूरच्या हवेत देवानं घातला आहे की. वर आणि कशाला?” असे म्हणून ते गिऱ्हाइकाला बाटली झाडाच्या सावलीत उभे राहून प्यायला लावीत.

परंतु या साऱ्यांच्या वर, ठेवणीतला असा एक सोडा होता, तो म्हणजे पन्नीर सोडा. मी प्रथम ते नाव ऐकले तेव्हा, खरे सांगतो, पुढे केलेला हात मागे घेतला. दूध नासवून केलेले पनीर सोड्यात घालणाऱ्या लोकांत आपण येऊन पडलो, असे वाटले. पण अण्णांनी बाटली उघडली आणि खोलीभर गुलाब दरवळला. पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. दक्षिणेत हाच शब्द आहे, आणि अण्णांच्या घरात, त्यांच्या आईच्या, आजीच्या मराठीत, दुसरा शब्द कधी नव्हताच. लग्नात पाहुण्यांवर शिंपडायचे ते पन्नीर, शिंपडायची ती पन्नीरदाणी. आईची पितळी पन्नीरदाणी त्यांनी देवापाशी ठेवली होती. आनंदाच्या आणि दुःखाच्या माणसाला ते पन्नीर सोडाच देत. सौभाग्यवतीला पहिल्या बाळंतपणात, आमच्या पोरीच्या वेळी, माहेरची आठवण येऊन रडू कोसळे, तेव्हा ते दारात बाटली ठेवीत आणि खाकरून निघून जात.

आमच्या कारखान्यातल्या आणि आसपासच्या नव्या मराठी कुटुंबांनी एके वर्षी घरगुती गणेशोत्सव सुरू केला. एका शाळेची खोली, सतरंज्या, बायकांची गाणी, मुलांचे नाटुकले, असा बेत. आमचे चिटणीस मोठे हौशी आणि दिलदार गृहस्थ होते. दिल्लीला काही वर्षे नोकरी करून आलेले, आणि कोणत्याही सभेला पाच मिनिटांत हसविणारे. अण्णांनी सर्वांना पन्नीर सोडा देण्याचे स्वतःहून कबूल केले आणि लाजत लाजत एक अट घातली. “दोन शब्द बोलतो. मराठीत.”

त्यानंतर भिंतीपलीकडे जी तालीम सुरू झाली, ती आम्ही दोघांनी पहाटेचा चहा घेता घेता पाठ केली. बाटल्यांची पेटी म्हणजे श्रोते. त्यांच्यासमोर अण्णा आधी खाकरत आणि मग सुरू करीत. प्रत्येक वाक्यानंतर थांबून बाटल्यांना विचारीत, “सरी की?” शेवटचे वाक्य त्यांनी बऱ्याच दिवसांनी जुळवले, आणि ते जुळले तेव्हा सौभाग्यवतीने हातातली कपबशी खाली ठेवली. ते वाक्य होते, “माझं काही चुकलं असेल तर हसू नका, मला सांगा.”

उत्सवाच्या दिवशी अण्णा रेशीमकाठी धोतर, काळा कोट आणि जरीची टोपी घालून आले. हातगाडीवर ओल्या गोणपाटाखाली बाटल्या होत्या. मी मागे दाराशी पेट्या उतरवून घेत होतो. सौभाग्यवती बायकांत बसली होती. चिटणिसांनी त्यांची ओळख “आपले बंगळुरी अण्णा” अशी करून दिली, आणि अण्णा उभे राहिले. जाड भिंगांतून त्यांना समोरचे चेहरे नीट दिसत नसावेत. ते जणू पेटीकडेच पाहून बोलू लागले.

“गणपतीला नमस्कार. मोठ्यांना नमस्कार. मी सोडा विकतो. आमचे थोरले तुमच्या गावाकडून आले. किती दिवस झाले, मोजलो नाही. येताना जे आणले ते गेलं. जमीन गेली. घोडा गेला. बोली स्वल्प राहिली. ती आम्ही ठेवलो. तुम्ही आला, म्हणून आज ती बाहेर काढलो. आणि तिच्याबरोबर, आमच्या घरात देवाला आणि पाहुण्याला जे देतात, ते आणलो. सगळ्यांना पन्नीर आणलो…”

“अण्णा, आणि मटार विसरलात वाटतं!” चिटणीस म्हणाले.

चिटणिसांसारखे दिल्लीकडे राहून ज्यांनी मटार-पनीर खाल्ले होते, ते हसले. त्यांचे पाहून न खाल्लेलेही हसले. “सोड्यात पनीर! अहो, बाटलीत घातलं कसं?” मागून कोणी म्हणाले. “गोळी म्हणजे पनीरचीच असेल!” पोरे तर सतरंजीवर लोळू लागली. सौभाग्यवती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, पन्नीर म्हणजे गुलाबपाणी!” पण ते तिच्या शेजारच्या दोघींनाच ऐकू गेले असेल. अण्णा हात अर्धवट उचलून उभे होते. हशा ओसरेल आणि मग बोलू, असे त्यांना वाटत असावे, कारण ते बराच वेळ तसेच थांबले. मग तेही थोडे हसले, नमस्कार केला, आणि बाटल्या उघडायला आले. शेवटचे वाक्य तसेच राहिले.

त्या संध्याकाळी कोणाच्या मनात काडीचा दुष्टावा नव्हता, हे मला आवर्जून लिहिले पाहिजे. सोडा सर्वांना अतिशय आवडला. पोरांनी पुन्हा पुन्हा मागून घेतला, पहिला घोट घेताच चिटणीस “अरे, हा तर गुलाब!” म्हणून थक्क झाले आणि त्यांनी अण्णांना मिठीच मारली. “अण्णा, पुढच्या वर्षी परत बोलायचं हं! नाटकापेक्षा तुमचं मराठी धमाल आहे!” अण्णा म्हणाले, “सरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो, तेव्हा ते दुकानाची फळी काढत होते. रोजच्याच प्रसन्न चेहऱ्याने त्यांनी विचारले, “तिंडी आयता, रायरे?” म्हणजे न्याहारी झाली का. मी ‘हो’ म्हणालो आणि दहा पावले गेल्यावर माझ्या लक्षात आले. संध्याकाळी ते ओट्यावर आले, सौभाग्यवतीला हाक मारली ती ‘ताई’ अशी नव्हे, ‘अक्का’ अशी. माया तीच, चौकशी तीच, पोरीसाठी आणलेली बाटलीही तीच. भाषा मात्र कानडी. आम्ही मराठीत बोलत राहिलो, ते कानडीत उत्तरे देत राहिले. सौभाग्यवतीने एकदा हट्टाने विचारलेच, “अण्णा, माझ्याशी तरी मराठी बोला ना.” त्यांनी हसून तिच्या हातात लिंबू ठेवले आणि कानडीत म्हणाले, की अक्का, इथे राहायचे तर इथली भाषा यायला नको का?

आणि ती आम्हांला आली. माझे सारे कानडी अण्णांचे आहे. ‘ळ’ जितका जास्त तितके कानडी अस्सल, अशी माझी प्रारंभीची समजूत होती. ‘हालु’ म्हणजे दूध. मी एकदा भर दुकानात गवळ्याला ‘हाळु बेकु’ असे ठणकावून सांगितले, म्हणजे मला सत्यानाश हवा आहे. गिऱ्हाइके तोंड फिरवून हसू लागली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी हसणाऱ्यांकडे जाड भिंगांतून असे पाहिले की त्यांच्या घशातला सोडा थांबला. मग हलकेच माझ्याजवळ येऊन त्यांनी तो शब्द बरोबर उच्चारून सांगितला, आणि मी तो बरोबर म्हणेपर्यंत थांबले. इतक्या वर्षांत माझ्या कानडीला ते एकदाही हसले नाहीत. एखादे वेळी हसले असते तर बरे, असे कधी कधी वाटे.

पहाटे मात्र भिंतीपलीकडे पूर्वीसारखेच चाले. “उलटी हो गं बाई.” “मी तुला पन्नीर दिला, सांडू नकोस.” आम्ही दोघे चहा घेत ते ऐकत असू. ‘दिलो’चे ‘दिला’ झाले होते आणि तसेच राहिले होते.

पुढे पत्र्याच्या बुचाची, रंगीत, परदेशी नावांची पेये आली. चौकातल्या दुकानांत बर्फाच्या लाल पेट्या दिसू लागल्या. लग्नघरांतून पन्नीर सोड्याची मागणी कमी झाली. गोळीच्या बाटलीला तोंड लावणे नव्या पोरांना गावंढळ वाटू लागले. अण्णा त्या पेयांवर कधी रागावले नाहीत. “ती बाटली उघडते तेव्हा नुसता पत्र्याचा आवाज येतो,” एवढेच ते कानडीत म्हणत. शेवटी यंत्राच्या रबरी चकत्याही मिळेनाशा झाल्या, आणि एके दिवशी हातगाड्या येऊन साऱ्या बाटल्या काचवाल्याकडे गेल्या. गल्लीतल्या पोरांनी आधीच काही फोडून गोळ्या काढून घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आमचा चहा झाला, आणि भिंतीपलीकडून काहीच ऐकू आले नाही. त्यानंतर कधीच आले नाही.

साठ सालानंतर काही वर्षांनी माझी बदली नाशिककडे झाली. निघण्यापूर्वी आम्ही सत्यनारायण घातला. त्या उत्सवातली बरीच मंडळी आली होती, चिटणीसही होते. अण्णांनी आईची पितळी पन्नीरदाणी आमच्या पोरीच्या हातात दिली होती, आणि ती दारात उभी राहून आल्यागेल्यावर गुलाबपाणी शिंपडत होती. पोरगी त्याच घरात जन्मलेली, अण्णांच्या ओट्यावर वाढलेली. गर्दी भरात असताना तिने दारातून आईला हाक मारली.

“आई, पन्नीर संपलं!”

मी अण्णांकडे पाहिले. ते भिंतीशी बसले होते. त्यांनी मान खाली घातली. पण कोणीच हसले नाही. चिटणीस तर दारातच उभे होते. ते डोके पुढे करून म्हणाले, “संपलं? वा गं! माझ्यावर तर पन्नीर उडालंच नाही अजून!” त्यांना त्या जुन्या संध्याकाळचे काही आठवत नव्हते. सभेत मिळालेली टाळी वक्त्याच्या लक्षात राहते, हशा बहुधा नाही.

अण्णा हळूच उठले. आधी खाकरले, तालमीच्या वेळी खाकरत तसे. सौभाग्यवतीपाशी येऊन म्हणाले, “ताई, दाणी द्या. घरात स्वल्प आहे. मी आणतो की.”

तिने पोरीच्या हातातली दाणी घेऊन त्यांना दिली. अण्णा घरात गेले, दाणी भरून आले, आणि चिटणिसांच्या डोक्यावर त्यांनी स्वतः पन्नीर शिंपडले. “साकु का?” त्यांनी विचारले. चिटणीस म्हणाले, “साकु, साकु!” टांगा निघाला तेव्हा मात्र ते पुन्हा कानडीतच बोलले. “होगि बन्नी,” जाऊन या. जाणे झाले, येणे फार उशिरा झाले.

आता नातीच्या सदनिकेत, बंगळूरच्याच सर्जापूर रोडला, मी वर्षातून काही महिने राहतो. मागे एका झगमगीत उपाहारगृहात नातीने कौतुकाने गोळीचा सोडा मागवला. मी खाच खालच्या बाजूला धरून प्यायलो, आणि ती चकित झाली. तिची आई, म्हणजे आमची दारातली पोरगी, आता पन्नाशी ओलांडलेली आहे. तिचे सासर पुण्याचे. गुलाबपाण्याला ती आजही पन्नीरच म्हणते, आणि तिथे अजून कोणी ना कोणी हसतेच. ती रागावत नाही, शब्दही बदलत नाही. मला तेवढे धैर्य नव्हते, म्हणून आजवर लिहिले नाही. पण अण्णांचे शेवटचे वाक्य त्या उत्सवात न बोलले गेल्यामुळे ते मी इथे माझ्याकरिता उसने घेतो. माझे काही चुकले असेल तर हसू नका, मला सांगा. आणि एवढेच विचारतो, तुमच्या घरी गुलाबपाण्याला काय म्हणतात?